बंद घराचा वारसा आणि विलंबाची किंमत

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील जमिनीचे भाव असे भडकले होते की, टोकिओतील राजप्रासादाखालच्या जमिनीच्या मोलात अमेरिकेतील अख्खे कॅलिफोर्निया राज्य विकत घेता येईल, असे तेव्हा बोलले जात असे. त्याच देशाच्या खेड्यापाड्यांत आज प्रशस्त, लाकडी, पिढ्यान् पिढ्या नांदलेली घरे नाममात्र किमतीस, क्वचित एका येनला किंवा चक्क फुकट, देऊ केली जातात आणि तरीही ती घेण्यास माणूस मिळत नाही. या दोन टोकांमध्ये जेमतेम साडेतीन दशकांचे अंतर आहे. घर आणि जमीन ही कधीही न बुडणारी ठेव होय, या समजुतीवर ज्या समाजांनी आपल्या आयुष्याची बचत उभी केली आहे, त्या सर्वांनी या अंतराचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे.

जपान सरकार दर पाच वर्षांनी घरांची पाहणी करते. २०२३ च्या पाहणीत देशातील सुमारे ६ कोटी ५० लाख घरांपैकी ९० लाख घरे रिकामी आढळली. हे प्रमाण १३.८ टक्के पडते. १९९३ साली अशी घरे सुमारे ४५ लाख होती. म्हणजे तीस वर्षांत त्यांची संख्या दुप्पट झाली. वाकायामा व तोकुशिमा या प्रांतांत तर पाचातले एक घर रिकामे आहे. अर्थात या ९० लाखांत भाडेकरूची वाट पाहणारी शहरातील घरेही आहेत, विक्रीस काढलेली आहेत आणि सुटीतील विश्रामघरेही आहेत. ती वगळली तरी जी ना भाड्याने द्यावयाची, ना विकावयाची, नुसतीच बंद आहेत, अशी घरे सुमारे ३८ लाख ५० हजार उरतात. २०१८ साली हाच आकडा ३४ लाख ९० हजारांच्या आसपास होता. प्रश्नाचे मर्म या शेवटच्या आकड्यात आहे. या घरांना ग्राहक नाही असे सरसकट म्हटले जाते. परंतु त्यांपैकी असंख्य घरे ग्राहकासमोर कधी आलीच नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. ती का आली नाहीत, याचे उत्तर भावनेत जितके आहे तितकेच कायद्यात आणि करपद्धतीत आहे.

घर म्हणजे कुळ

जपानी खेड्यातील जुन्या घराला ‘कोमिंका’ म्हणतात. जाड तुळया आणि खांब खिळ्यांऐवजी खाचा-कुसवांनी एकमेकांत अडकवलेले, वर गवताचे किंवा कौलांचे उतरते छप्पर, आत मातीची चोपलेली जमीन असलेली कामाची जागा, मधोमध चौकोनी शेगडी, पलीकडे गवती चटयांच्या खोल्या आणि बाहेर आपल्याकडील ओसरीसारखा लाकडी सज्जा, अशी त्याची साधारण रचना असते. घराच्या मध्यखांबाला ‘दाइकोकु’चा खांब म्हणतात. दाइकोकु ही समृद्धीची देवता. तिचे मूळ बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेलेल्या आपल्या महाकालात आहे. कर्त्या पुरुषालाही जपानी भाषेत याच खांबाची उपमा देतात. घरात पूर्वजांच्या स्मृतिफलकांचा देव्हारा असतो आणि ऑगस्टमधील ओबोनच्या दिवसांत पूर्वज तेथे परत येतात, अशी श्रद्धा आहे.

१८९८ च्या दिवाणी संहितेने या घराला कायद्याचे अधिष्ठान दिले होते. घर ही एका व्यक्तीची मालमत्ता नसून कुळाची संस्था होती. कुटुंबप्रमुखपद सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई आणि त्याबरोबर घर, शेत, थडगी व म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ ही सर्व जबाबदारीही जाई. ही व्यवस्था धाकट्यांवर व स्त्रियांवर अन्याय करणारी होती, यात शंका नाही. युद्धोत्तर सुधारणांत, १९४७ साली, ती रद्द झाली आणि सर्व अपत्यांना समान वाटा मिळाला. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. तथापि घर कोणी सांभाळावे, या प्रश्नाला पूर्वी जे एक निश्चित उत्तर होते ते मात्र या बदलाबरोबर नाहीसे झाले. हक्क सर्वांना सारखा मिळाला. कर्तव्याचा वारस कोणीच उरला नाही.

त्याच सुमारास औद्योगिक वाढीचे युग सुरू झाले. पन्नाशीच्या व साठीच्या दशकांत ईशान्येकडील प्रांतांतून टोकिओच्या उएनो स्थानकाकडे खास आगगाड्या सुटत, आणि त्यांत शाळा नुकतीच संपवलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले कारखान्यांत व दुकानांत कामाला जाण्यासाठी बसलेली असत. त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. त्या अंड्यांतून जपानचे आर्थिक वैभव जन्मास आले. आणि ज्या घरांतून ती उचलली गेली ती घरे हळूहळू वृद्धांची झाली, मग एकट्या विधवांची झाली आणि अखेर कोणाचीच राहिली नाहीत.

एका विक्रीची वाट

असे घर विकावयाचे ठरवले तर काय घडते, हे क्रमाने पाहिले म्हणजे अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते. समजा, एखाद्या डोंगराळ जिल्ह्यात आई वारली आणि घर बंद पडले. मुलगा ओसाकात नोकरीस आहे, मुलगी टोकिओच्या उपनगरात राहते. दोघेही साठीच्या उंबरठ्यावर आहेत. गावी परतण्याचा विचार दोघांच्याही मनात नाही.

पहिली अडचण कागदाची. नोंदणी कार्यालयात घर आजोबांच्या नावावर निघते, कारण वारसनोंद करणे एप्रिल २०२४ पर्यंत सक्तीचे नव्हते आणि त्यासाठी शुल्क मात्र पडत असे. आजोबांना पाच मुले असली तर त्यांच्या मुलांपर्यंत, नातवंडांपर्यंत वारसांची यादी वाढते आणि ती वीस-पंचवीसांवर जाऊन थांबते. प्रत्येकाच्या कुलनोंदीचा दाखला मिळवावा लागतो आणि वाटणीच्या करारावर प्रत्येकाचा नोंदणीकृत शिक्का घ्यावा लागतो. यांतील एकाचा पत्ता लागत नाही, एक स्मृतिभ्रंशाने आजारी असतो, एकाचे उरलेल्यांशी बोलणे नसते. एवढ्यावर व्यवहार वर्षानुवर्षे थांबतो.

दुसरी अडचण घरातील सामानाची. साठ-सत्तर वर्षांची भांडी, गाद्या, कपडे, अवजारे आणि कोठारातील न उघडलेली खोकी. ती हलवण्यास मजुरी पडते. देव्हारा तर नुसता उचलून टाकता येत नाही. भिक्षूला बोलावून त्यातील चैतन्याचे विसर्जन करावे लागते. सरकारी पाहण्यांत घर रिकामे का ठेवले, याचे सर्वांत आढळणारे उत्तर ‘सामान ठेवण्यासाठी लागते’ असे आहे. त्या साध्या उत्तरामागे न घेतलेला निर्णय दडलेला असतो.

तिसरी अडचण जमिनीची. घरासोबत भाताची खाचरे आणि डोंगरावरील रान येते. शेतजमीन विकण्यास १९५२ च्या शेतजमीन कायद्याप्रमाणे स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते. घेणाऱ्याकडे किमान ५० आर, म्हणजे सुमारे सव्वा एकर, शेती असली पाहिजे, अशी अटही बहुतेक ठिकाणी दीर्घकाळ होती. ती एप्रिल २०२३ पासून काढून टाकण्यात आली. शहरातून येणाऱ्या ग्राहकाला घर हवे असते, खाचरे नको असतात. आणि विकणाऱ्याला खाचरांसकट सारेच हातावेगळे करावयाचे असते.

चौथी अडचण इमारतीची. भूकंपरोधक बांधकामाचे आजचे निकष १ जून १९८१ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे घर म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने मजबुतीकरणाचा खर्च. शिवाय नगररचनेच्या क्षेत्रात घराच्या जागेचा किमान दोन मीटर भाग चार मीटर रुंदीच्या रस्त्याला लागून असावा, असा नियम आहे. जुन्या बोळातील घर पाडले तर तेथे दुसरे बांधता येत नाही, असा प्रसंग त्यामुळे येतो. करासाठी लाकडी राहत्या घराचे आयुष्य २२ वर्षे धरले जाते आणि बाजारानेही तीच दृष्टी उचलली आहे. शंभर वर्षे उभ्या असलेल्या वास्तूची किंमत हिशेबात शून्य असते. जागेच्या किमतीतून ती पाडण्याचा खर्च वजा केला की जे उरेल ते तिचे मोल.

पाचवी अडचण मध्यस्थाची. जपानमध्ये दलालीची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली आहे आणि ती किमतीच्या टक्केवारीत मोजली जाते. दहा लाख येनचे, म्हणजे अलीकडच्या दराने साडेपाच-सहा लाख रुपयांचे, घर विकून दिल्यास पूर्वी एका पक्षाकडून पन्नास हजार येनच मिळत. त्यासाठी दरीखोऱ्यांत चार खेपा घालाव्या लागत, कागद तपासावे लागत आणि पुढे दोष निघाला तर जबाबदारीही घ्यावी लागे. कोणताही शहाणा दलाल असे काम हाती घेणार नाही. घराला बाजारभाव नव्हता असे नव्हे. तो भाव शोधून काढण्याचा मोबदला कोणाला मिळत नव्हता. पालिकांनी चालवलेल्या ‘रिकाम्या घरांच्या पेढ्या’ याच पोकळीतून जन्मास आल्या.

स्वस्त विलंब

या पाचही अडचणींत एक समान धागा आहे. त्यांपैकी एकही घर बंद पडल्याच्या पहिल्या वर्षी असाध्य नसते. पहिल्या वर्षी वारस दोन असतात, छप्पर शाबूत असते, शेजारी जिवंत असतात आणि जमिनीची हद्द कोठे आहे हे त्यांना ठाऊक असते. वीस वर्षांनी वारस दहा होतात, छप्पर गळू लागते आणि हद्द सांगणारा कोणी उरत नाही. जपानच्या दमट हवेत बंद घर फार लवकर खचते. गवताचे छप्पर तर घरातील शेगडीच्या धुरानेच किडीपासून वाचत असे; चूल विझली की छप्पर कुजू लागते. अशा घराचे वास्तव्य हेच त्याचे खरे संरक्षण असते.

मग वारस वाट का पाहतात? त्याचे उत्तर अर्थशास्त्रात फारसे गूढ नाही. ज्या वस्तूला किंमत पडत नाही तिचा वापर अमर्याद होतो आणि जपानमध्ये विलंबाला किंमत पडत नव्हती. राहत्या घराखालच्या जमिनीला मालमत्ता करात मोठी सवलत आहे. दोनशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेचे करपात्र मूल्य सहाव्या हिश्शावर आणले जाते. घर रिकामे असले तरी, जोवर ते उभे आहे तोवर, ही सवलत मिळत राही. ते पाडले की सवलत जाई. म्हणजे पडके घर उभे ठेवणाऱ्यास बक्षीस आणि जागा मोकळी करणाऱ्यास दंड, असा हा उलटा न्याय होता. घरटंचाईच्या काळात घरबांधणीला उत्तेजन देणारी ही तरतूद घरांच्या अतिरेकाच्या काळात तशीच चालू राहिली. १९४५ साली जपानला ४२ लाख घरांचा तुटवडा होता. १९६८ च्या पाहणीत घरांची संख्या कुटुंबांच्या संख्येपुढे गेली. परिस्थिती पालटली, तरी धोरण बदलण्यास अर्धे शतक लागले. आणि आजही, २०२४ या एका वर्षात, सुमारे ७ लाख ९२ हजार नव्या घरांचे काम त्या देशात सुरू झाले. त्याच वर्षी जन्मलेल्या जपानी बालकांची संख्या मात्र सुमारे ६ लाख ८६ हजार होती आणि मृत्यू १६ लाखांवर होते.

कायद्याची नवी दिशा

गेल्या दहा-बारा वर्षांत जपानने या प्रश्नावर जे कायदे केले ते सर्व, वेगवेगळ्या शब्दांत, विलंबाची किंमत वाढवणारेच आहेत. २०१४ साली संमत होऊन २०१५ मध्ये पूर्णपणे अमलात आलेल्या कायद्याने धोकादायक रिकाम्या घरांच्या मालकांना सूचना देण्याचा, न ऐकल्यास करसवलत काढून घेण्याचा आणि शेवटी घर पाडून खर्च वसूल करण्याचा अधिकार पालिकांना दिला. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एक पाऊल पुढे टाकले. घर धोकादायक होण्याची वाट न पाहता, नुसती नीट निगा नसलेल्या घराचीही सवलत आता काढता येते. १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची झाली. वारसा मिळाल्याचे कळल्यापासून तीन वर्षांत ती न केल्यास एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या वारसांनाही हा नियम लागू आहे. जुलै २०२४ पासून ८० लाख येनपर्यंतच्या घरांसाठी दलालीची मर्यादा वाढवून प्रत्येक पक्षाकडून कर वगळता तीन लाख येन करण्यात आली. १९८१ पूर्वीचे वारसाचे घर ठराविक मुदतीत विकल्यास तीन कोटी येनपर्यंतच्या नफ्यावर करमाफीची सोयही २०१६ पासून आहे.

या कायद्यांची दिशा योग्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांची रचना शहरी डोळ्यांनी झाली आहे, हीही गोष्ट लपत नाही. जेथे जमिनीला भाव आहे तेथेच करसवलत गेल्याचा चटका बसतो. दुर्गम खेड्यात जमिनीचे करमूल्य इतके क्षुल्लक असते की सहापट वाढले तरी कर किरकोळच राहतो. ठराविक मर्यादेखालील मूल्याला तर करच नसतो. तसेच नफ्यावरील करमाफी जेथे नफा होतो तेथे उपयोगी. जे घर मूळ किमतीपेक्षा कमी रकमेस, किंवा पदरचे पैसे घालून द्यावे लागते, त्याच्या मालकाला या माफीचा काय उपयोग? उपनगरातील रिकाम्या घराला बाजारात ढकलण्यास ही अस्त्रे पुरेशी ठरतील. डोंगरातील घरांचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे.

उणे किंमत

तो प्रश्न असा की, या घरांची किंमत शून्याच्याही खाली गेली आहे. घर पाडण्यास लाखो येन लागतात आणि जुने घर जितके मोठे तितका खर्च अधिक. जागेची किंमत बहुधा त्याहून कमी. म्हणजे मालकाच्या हाती संपत्ती नसून देणे आहे. देणे विकत घ्यावयास कोणी येत नाही. आणि ते टाकून देण्याचीही सोय नाही. जपानी कायद्याच्या रूढ अर्थानुसार जमिनीची मालकी एकतर्फी सोडून देता येत नाही. वारसा नाकारावयाचा तर तीन महिन्यांत कुटुंब न्यायालयात जाऊन संपूर्ण वारसाच नाकारावा लागतो. आईची बँकेतील शिल्लक घेतो आणि घर नको, असे म्हणता येत नाही.

एप्रिल २०२३ पासून वारसाने आलेली जमीन सरकारजमा करण्याची एक योजना सुरू झाली आहे. तीत अर्जाचे शुल्क प्रत्येक तुकड्यास १४ हजार येन आणि मंजुरीनंतर भरावयाची रक्कम सर्वसाधारणपणे दोन लाख येन आहे. अट अशी की, जमिनीवर इमारत असता कामा नये, हद्दीचा वाद नसावा, तारण नसावे. म्हणजे सर्वांत महाग काम, घर पाडण्याचे, मालकाने आधी स्वतःच्या खर्चाने उरकावयाचे. ज्याच्याजवळ तेवढा पैसा आहे त्याच्यासाठी दार उघडे आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सत्तरीच्या वारसासाठी ते बंदच राहते.

अशा कोंडीत माणूस जे करतो तेच जपानी माणसाने केले. त्याने दार लावून घेतले आणि नोंद करावयाचे टाळले. २०१७ साली हिरोया मासुदा यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने असा अंदाज दिला की, मालकाचा पत्ता लागत नाही अशी जमीन २०१६ मध्ये सुमारे ४१ लाख हेक्टर होती. क्यूशू या संपूर्ण बेटाच्या क्षेत्रफळाहूनही हा आकडा मोठा आहे. मालकाने गुप्तपणे केलेला हा एक प्रकारचा त्यागच होय. फक्त कायद्याला तो दिसत नाही.

या त्यागाचा भार कोणावर पडतो, हे १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात झालेल्या भूकंपाने दाखवून दिले. वृद्धांची वस्ती आणि जुनी लाकडी घरे असलेल्या या भागात हजारो घरे कोसळली. सरकारी खर्चाने ती हटवण्याचे ठरले. परंतु हटवण्यास मालकाची संमती हवी आणि नोंदीतील मालक कधीच निवर्तलेला. सर्व वारसांच्या संमतीवाचून काम अडू लागले तेव्हा पुढे नियम शिथिल करावे लागले. ज्या शेजाऱ्यांनी गाव सोडले नव्हते त्यांच्या अंगणात परगावी गेलेल्यांची घरे ढिगाऱ्याच्या रूपाने पडून राहिली.

वाचलेली घरे

या चित्राला दुसरी बाजू आहे. काही घरे वाचली आहेत आणि ती कशी वाचली, हे उद्बोधक आहे. गिफू प्रांतातील शिराकावा-गो येथील उंच गवती छपरांची घरे १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, तेथील ओगिमाची वस्तीच्या रहिवाशांनी एक नियम स्वतःवर घालून घेतला होता: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. छप्पर शाकारण्यासाठी सारा गाव एकत्र येण्याची ‘युइ’ नावाची जुनी प्रथा त्यामागे उभी होती. तेथे घर टिकले ते बाजाराबाहेर काढल्यामुळे. याउलट ह्योगो प्रांतातील मारुयामा या वस्तीत १२ घरांपैकी ७ रिकामी झाली होती. २००९ साली रहिवाशांनी त्यांतील काही घरे दुरुस्त करून पाहुण्यांसाठी निवासगृहे चालू केली. तेथे घर टिकले ते बाजारात आणल्यामुळे. दोन्ही मार्ग वरवर परस्परविरुद्ध. पण दोन्ही ठिकाणी निर्णय गाव जिवंत असताना, एकत्र बसून घेतला गेला, हे साम्य महत्त्वाचे आहे.

परदेशी ग्राहकांबद्दल अलीकडे बरेच लिहिले जाते. जपानमध्ये परकीयाला घर-जमीन घेण्यास सर्वसाधारण बंदी नाही आणि स्वस्त येनमुळे ओढही वाढली आहे. १९७३ साली ॲलेक्स केर या अमेरिकी लेखकाने तोकुशिमातील इया खोऱ्यात असेच सोडलेले गवती छपराचे घर घेतले व पुढे ते नावारूपास आणले, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. तथापि घराच्या मालकीने त्या देशात राहण्याचा परवाना मिळत नाही, आणि दरसाल लाखोंच्या पटीत वाढणाऱ्या अतिरेकापुढे हौशी ग्राहकांची संख्या नगण्य आहे. शिवाय परदेशातील मालकाने उद्या घराकडे पाठ फिरवली तर त्याचा पत्ता शोधणे पालिकेला आणखी अवघड जाईल. सुंदर, दळणवळणास सोयीची, वेळेवर बाजारात आलेली घरे विकली जातील. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

खर्च कोणाचा?

येथे भूमिका स्पष्ट घेणे भाग आहे. घर मालकाचे म्हणून ते संपवण्याचा खर्चही मालकाचा, हा युक्तिवाद कायद्याला धरून असला तरी इतिहासाला धरून नाही. ज्या स्थलांतराने ही घरे ओस पडली त्याचा लाभ एकट्या स्थलांतरिताला झाला नाही. कारखान्यांना मजूर मिळाले, शहरांना करदाते मिळाले, राष्ट्राला वैभव मिळाले. खेड्याने मूल वाढवण्याचा व शिकवण्याचा खर्च केला आणि फळ शहराने घेतले. त्या हिशेबातील शेवटची रक्कम, म्हणजे मागे राहिलेले घर सन्मानाने बंद करण्याचा खर्च, आता फक्त वारसाच्या नावावर टाकणे न्याय्य नाही.

जपानला यासाठी नवी कल्पना शोधावी लागेल असेही नाही. २००८ पासून शहरातील करदात्याला आपल्या कराचा काही भाग देणगीच्या रूपाने आवडीच्या गावाकडे वळवता येतो. २०२३ च्या आर्थिक वर्षात या मार्गाने एक लाख कोटी येनहून अधिक रक्कम फिरली. दुर्दैवाने या देणगीची ख्याती मांस-मासळीच्या परतभेटींमुळेच अधिक आहे. २०२४ पासून वनांच्या निगेसाठी प्रत्येक करदात्याकडून दरसाल एक हजार येन घेतले जातात. दूरच्या डोंगराची निगा हे शहरवासीयाचेही कर्तव्य आहे, हे तत्त्व तेथे मान्य झालेच आहे. तेच तत्त्व डोंगराच्या पायथ्याच्या घराला लावावयाचे एवढेच. वारसाने पहिल्या तीन वर्षांत निर्णय घेतला, मग तो विकण्याचा असो, गावाला देण्याचा असो वा पाडण्याचा असो, तर खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक निधीतून मिळावा; मुदतीनंतर तो टप्प्याटप्प्याने घटत जावा. घर पाडण्याची अट जमीन सरकारजमा करण्याच्या योजनेत आडवी येऊ नये. दंडाची भीती आणि सुटकेचा मार्ग या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच माणूस निर्णय घेतो. नुसत्या भीतीने तो अधिक खोल लपतो.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, ही सवलत म्हणजे निष्काळजीपणाला बक्षीस होय. परंतु बक्षीस येथे वेळेवर घेतलेल्या निर्णयाला आहे. निष्काळजीपणाला बक्षीस देणारी पद्धत ती, जी पडके घर उभे ठेवल्याबद्दल दशकानुदशके करसवलत देत राहिली.

मराठी वाचकाला या कथेत ओळखीच्या खुणा दिसतील. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गणपतीपुरती उघडणारी घरे, सातबाऱ्यावर वाढत जाणारी चुलत-चुलत नावे, आणि ‘बघू पुढच्या वर्षी’ हे उत्तर कोकणाला नवे नाही. गोव्यातही जुन्या वारसा-नियमांमुळे सर्व वारसांची संमती मिळेपर्यंत मोठमोठी घरे ढासळताना दिसतात. एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. येथे जमिनीचा भाव अजून चढता आहे, म्हणून विलंब हा शहाणपणासारखा भासतो. जपानमध्येही १९८९ साली तो तसाच भासत होता.

वाडवडिलांचे घर विकणे म्हणजे त्यांच्याशी प्रतारणा, ही भावना जपानी मनात खोल आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण बंद दाराआड वर्षानुवर्षे कुजणाऱ्या घराने कोणत्या पूर्वजाचा मान राहतो? ज्या घरात दुसऱ्या कोणाची चूल पेटते ते घर विकले गेले तरी जिवंत असते, आणि ज्याची तुळई न् तुळई उतरवून जागा स्वच्छ केली जाते त्याचाही शेवट नीट होतो. या दोन्ही गोष्टींसाठी आई-वडील हयात असताना, वारस दोन असताना आणि छप्पर शाबूत असताना बोलावे लागते. कायदा त्या संभाषणाची मुदत ठरवू शकतो, राज्य त्याचा खर्च वाटून घेऊ शकते. संभाषण मात्र घरातल्यांनाच करावे लागेल. आणि ९० लाख रिकाम्या घरांचा हिशेब सांगतो की ते पुढे ढकलणे हाच आजवरचा सर्वांत महाग व्यवहार ठरला आहे.